एक टर्बो बरा की दोन?

प्राध्यापकांच्या धाकट्याचं काहीतरी बिनसलंय, एवढं आमच्या गल्लीला गुरुवारीच कळलं होतं. काय बिनसलंय ते मात्र ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवावरून ठरवलं. समोरच्या काकू म्हणाल्या, स्थळ आलं होतं, फिस्कटलं. कोपऱ्यावरचे अण्णा म्हणाले, पोरानं व्हीआरएस घेतली, म्हणजे हिंजवडीतली नोकरी गेलीच. खरी बातमी मला मिळाली ती सुभेदार भावजींकडून, कंपाउंडच्या भिंतीवरून, नळाला पाणी यायच्या दिवशी. सावेडीत इतक्या सकाळी अंगणात उभं राहायला दुसरं कारण लागत नाही.

"वहिनी, नोकरी जागेवर आहे. व्हीआरएस म्हणजे गाडी घेतली त्यानं. आता त्याला दोन पाहिजेत."

"दोन गाड्या?"

"दोन टर्बो."

सुभेदार भावजी आमच्या ह्यांचे जुने स्नेही. फौजेतल्या ईएमईचे, म्हणजे मेकॅनिक लोकांचे. नोकरीची शेवटची वर्षं इथल्याच आर्मर्ड कोअर सेंटरच्या रणगाड्यांत गेली आणि मग पाथर्डीला परत न जाता इथंच घर बांधलं. नगरला असे फौजी पुष्कळ. त्यांच्या अंगणात एक तुळस, एक शेवगा आणि बाकी सगळे मेलेल्या इंजिनांचे अवशेष. शेवगा आमच्याकडे झुकलाय, त्यामुळे झाड त्यांचं आणि शेंगा आमच्या, असा जुना तह आहे.

तर प्राध्यापकांच्या मुलानं जुनी ऑक्टाव्हिया घेतली. साधी नव्हे, २०१७ साली आलेली ती व्हीआरएस. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, एक टर्बो, २३० पीएस. उभ्या जागेवरून शंभराचा वेग सात सेकंदांच्या आत. एवढ्यावर माणसानं सुखानं बसावं. पण पुण्यातल्या कुठल्याशा गॅरेजवाल्यानं त्याच्या डोक्यात भरवलं, हा एक काढू, त्या जागी दोन बसवू, गाडी चारशेवर नेऊ. खर्चाचा आकडा ऐकून प्राध्यापकीणबाईंनी अबोला धरलाय. बिनसलंय ते हे.

"पण भावजी, एकाचे दोन केले तर ताकद दुप्पट व्हायला हवी ना?"

ते काही न बोलता शेडमध्ये गेले आणि एक काळपट लोखंडी धूड घेऊन आले. भिंतीवर ठेवलं तर सिमेंटचा पोपडाच उडाला. उसाच्या ट्रकमधून काढलेला टर्बो. दोन्ही अंगांना शंखाकृती कवचं. एक बिडाचं, भाजून तांबूस-काळं पडलेलं. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, पुसलं तर अजून चकाकेल असं. दोघांच्या पोटात एकेक पंखा आणि दोन्ही पंखे एकाच दांड्यावर.

"ह्या काळ्या बाजूनं इंजिनातला धूर येतो, पंखा फिरवतो आणि सायलेन्सरला जातो. दांडा एकच, म्हणून इकडचाही पंखा फिरतो. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त आली की इंधन जास्त जाळता येतं. झालं, एवढंच. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे."

मी बोटानं पंखा फिरवला. फिरला, पण खरखरत. पात्यांच्या कडा बोथट झालेल्या, दोन तर टोकाला तुटलेल्या. भावजी म्हणाले, दांडा धरून हलवा. हलवला तर टकटक वाजला.

"हा खेळ आला की टर्बो गेला म्हणायचं. चालत्या गाडीत हा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, लहान कारमधला तर दोन लाखांपर्यंत जातो. आणि एवढ्या वेगात तो तरंगतो कशावर? तेलाच्या पातळ थरावर. हा ज्या ट्रकचा, तो भरल्या उसानं करंजी घाट चढायचा, वर ढाब्यावर थांबायचा आणि ड्रायव्हर लगेच चावी फिरवायचा. इंजिन बंद, तेलाचा पंप बंद, पण हे बीड अजून तापून लाल. आत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं असतं तर हा आज भिंतीवर नसता. मालक अजून तेलवाल्याला शिव्या देतो."

ढाब्यावरच्या त्या मिनिटाचं मला फार पटलं. आमचे हेही घरी आल्याबरोबर चावी काढतात.

"आता तुमच्या दुपटीचं बघू. चार सिलिंडरचं इंजिन जेवढा धूर टाकायचा तेवढाच टाकणार. एक टर्बो लावा की दोन, धूर वाढत नाही. दोन लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा."

"मग लोक लावतात तरी कशाला?"

"लहान पंखा हलका असतो, पटकन वेग घेतो. मोठ्याला वेळ लागतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर घुटमळते आणि मग एकदम झेपावते, ते त्यामुळंच. त्याला लॅग म्हणतात."

हे मात्र मला ओळखीचं वाटलं. माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. वारा पडला की ती अजस्र पाती ढिम्म उभी असतात, आणि त्याच वेळी खाली पोराच्या हातातलं भिरभिरं नुसत्या फुंकरीवर गरगरत असतं. पण भिरभिऱ्यावर वीज तयार होत नाही. मी हे बोलले तर भावजी खूश झाले.

"हेच त्या पोराला सांगा! लहान टर्बो लवकर जागा होतो, पण इंजिन वरच्या फेऱ्यांना गेलं की त्याचा दम तुटतो. मोठा उशिरा उठतो, पण वर ओढत राहतो. सगळी भांडणं ह्याच एका गोष्टीची. आता म्हणाल, एका मोठ्याऐवजी दोन लहान लावले की झालं. पण धूर निम्मा, हे विसरू नका. शिवाय पंखा लहान केला तरी पातं आणि कवच यांच्यामधली फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही, म्हणून हवा जास्त निसटते. दोन कवचं तापवण्यात उष्णता जाते ती वेगळी. चार सिलिंडरला सारखे दोन लावून हाताशी फार काही लागत नाही. लागते ती जास्तीची पाइपलाइन, आणि गळायला जास्तीचे जोड."

"आणि मग कुणाला दोन लागतात?"

"व्ही आकाराच्या इंजिनाला. तिथं निम्मे सिलिंडर एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. धूर दोन्हीकडून बाहेर पडतो. एकच टर्बो ठेवला तर एका बाजूचा धूर लांबून वळवून आणायचा, तोवर त्यातला जोर निम्मा थंड. त्यापेक्षा दोन्ही अंगांना एकेक सोपा पडतो. लँड क्रूझर ३०० घ्या. ३.३ लिटरचं व्ही-सहा डिझेल, दोन टर्बो, ३०९ पीएस आणि टॉर्क ७०० न्यूटन मीटर."

सातशे हा आकडा ऐकून रस्त्यानं चाललेले अण्णा थांबले. अण्णांचा राहुरीला ऊस आहे, सावेडीत बंगला आहे आणि कुठल्याही आकड्याबद्दल त्यांना आदर आहे. फाटक न उघडता ते तसेच बाहेरून भिंतीला टेकले.

"सुभेदार, बरं झालं भेटलात. मला एक एजंट जुनी ग्लॉस्टर देतोय. म्हणतो, ट्विन टर्बो आहे, डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून जमीन घेता का अण्णा?" मी म्हटलं.

भावजींनी मात्र गंभीरपणे विचारलं, फोर व्हील आहे का टू व्हील? कारण २०२० साली ही गाडी आली तेव्हा दोन्ही प्रकार होते. इंजिन तेच, १९९६ सीसीचं डिझेल, चार सिलिंडर. टू व्हील ड्राइव्हमध्ये एक टर्बो, १६३ पीएस आणि ३७५ न्यूटन मीटर. फोर व्हीलमध्ये दोन टर्बो, २१८ पीएस आणि ४८०. म्हणजे एजंट खोटं बोलत नसेलही, पण नावाच्या पाटीवरून कळणार नाही. आरसी बुक आणि व्हेरिअंट बघायला हवा.

मी मध्येच अडवलं. "थांबा, भावजी. चार सिलिंडरला दोन लावून काही मिळत नाही म्हणालात. इथं तर १०५ न्यूटन मीटर जास्त मिळाले!"

"मी सारखे दोन म्हणालो वहिनी. ह्यातले सारखे नाहीत. एक लहान, एक मोठा. खाली लहान काम करतो, गाडीनं वेग घेतला की झडपा फिरतात आणि मोठा ताबा घेतो. दोघं पाळीपाळीनं. एवढ्या जड गाडीला एवढं लहान इंजिन दिल्यावर तसं करावंच लागतं. कंपनीनं ते सगळं एकत्र जुळवून, झडपांसकट, कॉम्प्युटरसकट बसवलंय. गॅरेजमध्ये नळ्या जोडून ते होत नाही."

"आणि फॉर्च्युनर?" अण्णांनी हळूच विचारलं. खरा प्रश्न हा होता, हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना कळलं.

"एकच टर्बो. २.८ लिटरचं इंजिन, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर. तिथं दुसऱ्या टर्बोचं काम पाकळ्या करतात. धुराच्या वाटेवर हलणाऱ्या पाकळ्या बसवलेल्या असतात. धूर कमी असला की त्या मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर जोरात पंख्यावर आदळतो. धूर वाढला की उघडतात. एकच टर्बो कधी लहान, कधी मोठा. डिझेलमध्ये हे सर्रास आहे. पेट्रोलचा धूर जास्त तापलेला, पाकळ्यांना तो सोसत नाही, म्हणून तिथं उशीर झाला. पोर्शेनं २००६ मध्ये ९११ टर्बोत ते करून दाखवलं."

"म्हणजे दोन लिटरला दोन टर्बो, नाहीतर पावणेतीन लिटरला एक. बेरीज सारखीच," मी म्हटलं.

"मोजायला बसलात तर तसंच. बिघडायच्या जागा मात्र सारख्या नाहीत."

अण्णांचं समाधान झालं नव्हतं. "आमच्या जावयाच्या बीएमडब्ल्यूवर 'ट्विनपॉवर टर्बो' लिहिलंय. इंजिनाच्या झाकणावरच लिहिलंय. त्यात तर दोन असतीलच!"

"पेट्रोल ना? चार सिलिंडर? मग एकच."

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लग्नात जावयाची गाडी आली तेव्हा त्यांनी मांडवात दोन टर्बोंची जाहिरात केली होती, हे मला आठवतंय. भावजींनी मग भिंतीवरच्या धुळीत बोटानं चार गोल काढले. पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. सगळ्यांचा धूर एकाच नळीत सोडला तर एकाचा झोत संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा येतो आणि दोघं एकमेकांना अडवतात. म्हणून एक आणि चार यांची एक नळी, दोन आणि तीन यांची दुसरी, आणि दोन्ही नळ्या एकाच टर्बोच्या दोन वेगळ्या दालनांतून पंख्यावर सोडायच्या. झोत आळीपाळीनं येतात, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. ह्याला ट्विन-स्क्रोल म्हणतात. टर्बो एक, वाटा दोन. "चार सिलिंडरच्या पेट्रोलला माझ्या मते याहून चांगलं काही नाही," भावजी म्हणाले, आणि हा निकाल त्यांनी ज्या सुरात दिला त्या सुरात फौजेत बदलीचे हुकूम देत असावेत.

पुढचं त्यांच्या आवडीचं होतं, त्यामुळे पाणी वाहून गेलं तरी मी मोटर बंद करायला गेले नाही. पाहुणे आले की आपण त्यांना चांदबिबीच्या महालावर नेतो, टँक म्युझियममध्ये नेतो. १९९४ पासून ते उघडं आहे, जवळपास प्रत्येक नगरकराच्या अल्बममध्ये रणगाड्यापुढचा फोटो आहे, आणि इंजिन कसं चालतं हे एकानंही विचारलेलं नसतं. भावजींना ही खंत कायमची.

"टी-७२ चं इंजिन व्ही-बारा, जवळजवळ ३९ लिटरचं, ७८० हॉर्सपॉवर. त्यात टर्बो नाही, सुपरचार्जर. म्हणजे हवा दाबणारा पंखा गिअरनं थेट इंजिनालाच जोडलेला. लॅगचा प्रश्नच नाही, पण पंखा फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते. नंतर टी-९० आला. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच आकाराचं इंजिन, पण हवा दाबायला टर्बो, फुकट जाणाऱ्या धुरावर चालणारा. एक हजार हॉर्सपॉवर! रशियनांनी काय दोन इंजिनं लावली का?"

एवढ्यात प्राध्यापकांचा धाकटा स्वतः आला. आईनं शेवग्याच्या शेंगा मागायला पाठवलं होतं. अबोला असला तरी आमटी करायची असतेच. त्याला बघून आम्ही तिघंही एकदम शेंगांबद्दल बोलायला लागलो. पोरगा हुशार, भिंतीवरचा टर्बो आणि धुळीतले चार गोल बघून त्याला सगळं कळलं.

"काका, माझ्यावर चर्चा चाललीय ना? पण सुप्रालाही दोन टर्बोच होते."

त्याच्या खोलीत टोयोटा सुप्राचं पोस्टर आहे, १९९३ सालच्या मॉडेलचं. भावजी या प्रश्नाची वाटच बघत असावेत.

"होते. तीन लिटरचं, ओळीतल्या सहा सिलिंडरचं इंजिन. आधी एक टर्बो चालायचा, इंजिन चार हजार फेऱ्यांच्या आसपास गेलं की दुसरा सामील व्हायचा. उत्तम काम. पण ज्यांना त्या सुप्रातून सहाशे, आठशे हॉर्सपॉवर काढायची होती त्यांनी काय केलं? तू सांग, तुला माहितीये."

पोरगा गप्प. मग म्हणाला, "दोन्ही काढून एक मोठा लावला."

"कळलं?"

"कळलं. पण काका, दोन टर्बो म्हटलं की कसं वाटतं..."

हे उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. अण्णांनीही मान डोलावली. त्यांचं सगळं आयुष्य कसं वाटतं यावरच चाललंय. इथं उसाच्या पैशातून गाड्या येतात तेव्हा किती जण पात्यांचा विचार करतात?

मी मात्र आईच्या बाजूनं बोलले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीनं दिलेल्या तपशिलात मालकाला आपल्या मनानं बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमेवाल्यांच्या हातात आयतं कारण. हे मला आमच्या भाच्यानं सांगितलंय, तो वकील आहे.

"आणि जाता-येता व्हीआरडीईची पाटी बघतोस ना?" भावजी म्हणाले. "नवीन मॉडेल विकायला काढण्याआधी ज्या संस्थांकडून पास करून घ्यावं लागतं, त्या केंद्रीय नियमांतल्या १२६ व्या नियमाच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर आपल्या गावच्या ह्या संस्थेचं नाव आहे. धूर, आवाज, ब्रेक, सगळं तपासून मग कागद मिळतो. तो कागद एका टर्बोचा आहे. तू दोन बसवलेस की एमएच-१६ ची ती गाडी कागदावरची उरत नाही. शिवाय दीडशे-पावणेदोनशे पीएस वाढले म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन, सगळ्यांवर ताण. गॅरेजवाल्यानं त्यांचा खर्च धरलाय?"

नव्हता धरला.

अण्णांना तेवढ्यात इथेनॉल आठवलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यात आमचा ऊसही आहे, त्यानं टर्बोला फायदा होतो म्हणतात, खरं का? थोडं खरं आहे, भावजी म्हणाले. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळं दाबलेली गरम हवा वेळेआधी पेटून इंजिन ठोकत नाही. पण त्यात उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतो, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्याच नसतात. अण्णांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

शेवटी पोराला भावजींनी यादीच लिहून दिली, माझ्या दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतलं पान फाडून. आहे तोच टर्बो ठेव. तेल कंपनी सांगते त्याच दर्जाचं आणि वेळेआधी बदल. इंटरकूलरची जाळी साफ कर, उन्हाळ्यात हवा आधीच तापलेली असते. पैसे खर्च करायची खाज असेल तर टायर आणि ब्रेक पॅड चांगले घाल. आणि घाट चढून आलास की चावीला हात लावायच्या आधी मिनिटभर थांब. पोरगा पान खिशात घालून, शेंगा घेऊन गेला. प्राध्यापकीणबाई संध्याकाळी त्याच्याशी बोलल्या, असं समोरच्या काकूंनी सांगितलं. शेंगांमुळं बोलल्या की कागदामुळं, ते काकूंनाही नक्की माहीत नाही.

अण्णांनी फॉर्च्युनर बुक केली. टर्बोचा त्यात काही संबंध नव्हता. तालुक्यातल्या पुढाऱ्याकडे तीच आहे.

आणि तुम्ही कुणी जुनी टर्बो गाडी बघायला जाणार असाल, तर मालकाला सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. निळा धूर आला तर तेल जळतंय. मग इंजिन बंद करून, ओळखीचा मेकॅनिक बरोबर असेल तर हवेची नळी काढायला लावा आणि दांडा बोटात धरून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं. पातं कवचाला घासत असेल किंवा दांडा पुढेमागे सरकत असेल, तर टर्बो एक असो की दोन, ती गाडी घेऊ नका.